मधली काठी

सात मुलांना मी एक प्रश्न विचारला. सातही जणांनी चुकीचं उत्तर दिलं. अगदी एकाचंही बरोबर नव्हतं. तरी त्या सात चुकांमधून जवळजवळ बरोबर उत्तर निघालं. आणि गंमत म्हणजे, दीड तासापूर्वी याच सात जणांनी एकमुखाने जे उत्तर दिलं होतं, ते साफ फसलं होतं. हे कसं झालं ते सांगतो. यात जादू वगैरे काही नाही. जादूचा मला तिटकारा आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी मापनशास्त्रज्ञ (मोजताना चूक कशी होते आणि ती कमी कशी करावी, याचा अभ्यास करणारा माणूस). चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजून निवृत्त झालो आणि राजापूरच्या पलीकडे आमच्या गावी येऊन राहिलो. सन २०६१ च्या सप्टेंबरात गावच्या सड्यावर बालवीरांचं शिबिर लागलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. सप्टेंबरात त्यावर गुडघाभर गवत आणि गवतात फुलंच फुलं. माझी नात रुंजी एका तुकडीची नायक होती, म्हणून मीही गेलो. माझ्याकडे काम काय, तर कांदे चिरणं आणि खिचडीवर लक्ष ठेवणं. विज्ञानाबद्दल मला कोणी काही विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही सांगितलं नाही.

शिबिरात रोज एक गुण ठरलेला असे. सोमवारी धाडस, मंगळवारी काटकसर, बुधवारी एकजूट. शिबिरप्रमुख मांडवकर सर प्रश्न विचारत आणि जी तुकडी पाच अंक मोजायच्या आत एका आवाजात उत्तर देई, तिच्या फलकावर चांदणी लागे. बाकीच्या तुकड्या कुजबुजत बसायच्या. रुंजीने मात्र युक्ती काढली होती. "मी हात केला की तुम्ही हात करायचा. मी बोलले की तेच बोलायचं. एक तुकडी, एक आवाज." बारा वर्षांची पोर, पण आवाजात जरब अशी की मोठी माणसंही सरळ बसावीत. बुधवारी सकाळी नऊपर्यंत त्यांच्या फलकावर चार चांदण्या लागल्या होत्या.

तिच्या तुकडीत सर्वांत लहान होती बिट्टी. वय वर्षं सात. बिट्टी बोलताना अडखळते. शब्द ओठांपर्यंत येतो आणि दारात अडून बसतो. लोक तिला घाई करतात, नाहीतर तिचं वाक्य स्वतःच पुरं करतात. दोन्ही प्रकारांनी तिला राग येतो आणि मग ती बोलतच नाही.

ती बोलायची ते टिटवीशी. टिटवी म्हणजे तुकडीचा यंत्रमानव. नारळाएवढा, तीन पायांवर उड्या मारत चालणारा. टिटवीने वर्षभरात बिट्टीचं अडखळणं नीट ऐकून घेतलं होतं. कुठे थांबायचं, किती थांबायचं, हे तिला कळत होतं. बिट्टीने तोंड उघडलं की टिटवी म्हणायची, "ऐकतेय. सावकाश." बस, एवढंच. मग बिट्टी आख्खी गोष्ट सांगायची.

हे सगळं टिटवीच्या चंचल स्मृतीत होतं (वीज असेपर्यंतच टिकणारी आठवण, वीज गेली की पाटी कोरी). त्याची नक्कल कुठेही ठेवलेली नव्हती, कारण मुलांची माहिती कुठल्याही यंत्रात साठवायची नाही असा पथकाचा नियम होता. नियम चांगलाच होता. पण त्यामुळे टिटवीची बॅटरी एकदा पूर्ण संपली, तर नवी टिटवी मिळाली असती आणि तिला बिट्टी कोण हेही ठाऊक नसतं.

तर त्या बुधवारी सकाळी सौर वादळ आलं (सूर्याकडून विद्युतभारित कणांचा मोठा लोट पृथ्वीवर येऊन आदळणं). फोन बंद पडले, दिशा दाखवणारे उपग्रह मुके झाले, उडती यंत्रं जमिनीवर बसली. टिटवी तेव्हा दुसऱ्या तुकडीकडे निरोप घेऊन निघाली होती. तिची वाट चुकली आणि ती सड्यावरच्या एका भेगेत जाऊन पडली. नऊ चाळीसला आम्हाला कळलं ते आवाजामुळे. लांबून, बारीक, "टिट-टीव". मग दहा मिनिटं शांतता. मग पुन्हा तेवढंच.

सुहेल काझी म्हणून तुकडीतला एक मुलगा आहे. यंत्रांचं त्याला बरं कळतं. तो म्हणाला, "ती राखीव वीज वापरतेय. दहा मिनिटांनी एकदा हाक मारते, बाकी वेळ झोपते. असं ती बारा वाजेपर्यंत टिकेल."

"आणि बारानंतर?" रुंजीने विचारलं.

सुहेलने बिट्टीकडे पाहिलं. बिट्टी काय ते समजली. तिचा चेहरा पांढरा पडला. मी कांदा चिरत होतो, पण माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते काही कांद्याने नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, आवाजाच्या दिशेने चालत सुटायचं, त्यात काय मोठंसं. दोन अडचणी होत्या. एक, फुलांच्या दिवसांत सड्यावर वाटेल तिथे पाय टाकायचा नाही, हा गावाचा कडक नियम. मोकळी असते ती फक्त कडेची पाखाडी, म्हणजे दगडांची बांधीव पायवाट. दुसरी अडचण खुद्द जांभ्याची. त्याच्या पोटात पोकळ्या असतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. लांबून आवाज एका बाजूने आल्यासारखा वाटतो, पण जवळ गेलात की तो दहा भेगांमधून बाहेर पडतो आणि माणूस गोंधळतो. त्यामुळे दिशा लांबूनच पक्की करायला हवी होती.

मुलं झेंड्याच्या ओट्यावर उभी राहिली. आवाज आला. रुंजीने ताडकन हात केला आणि तिच्यामागोमाग सहा हात त्याच दिशेला गेले. मला मात्र सवय वाईट. मी हात मोजतो. बिट्टीचा हात आधी बराच उजवीकडे वळला होता. मग तिने रुंजीकडे पाहिलं आणि तो हळूच डावीकडे आणून रांगेत बसवला. दुसऱ्या दोघांनीही तसंच केलं.

मांडवकर सरांनी गावच्या समितीची परवानगी काढली. एकच वाट, एकामागून एक चालायचं, फुलं जपायची. मुलं गेली. तिथे पोचल्यावर झालं तेच, जे मी आता सांगितलं. आवाज चहूकडून. सगळ्यांनी रुंजीकडे बघितलं. रुंजीने एका भेगेकडे बोट केलं, सगळे "हो, हो, इथेच" म्हणाले. भेगेत हात घातला तर दोन खेकडे आणि कोपरभर पाणी. मग दुसरी भेग. मग तिसरी. अकरा वाजून दहा मिनिटांनी सात जण परत आले. मागे फुलांमधून चौदा पायांनी पाडलेली रुंद पायवाट दिसत होती. समितीच्या माणसाने कपाळाला हात लावला आणि सांगितलं, आता पुन्हा इतक्यांनी आत जायचं नाही.

रुंजी माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, आम्ही सगळ्यांनी नीट ऐकलं होतं. सातही जणांचं एकच मत होतं. मग चुकलं कसं?"

"सात जणांचं नव्हतं," मी म्हणालो. "तुझं एकटीचं होतं. बाकीच्यांनी ते उसनं घेतलं."

तिला राग आला. येणारच. चार चांदण्यांची नायक ती. मी म्हटलं, "हे बघ, सात जणांनी एकाच घड्याळात डोकावून वेळ सांगितली, तर ती सात घड्याळं होत नाहीत. घड्याळ एकच. ते मागे असेल तर सातही जण मागे."

"मग काय, सगळ्यांनी वेगवेगळं बोलायचं? ती एकजूट कसली?"

वाद घालायला वेळ नव्हता. मी सुरी खाली ठेवली आणि सातही जणांना बोलावलं. म्हटलं, या चुलीपासून झेंड्याच्या खांबापर्यंत किती पावलं असतील, ते मातीत लिहा. एकमेकांचं बघायचं नाही. जो बघेल त्याला खिचडी नाही. मुलांनी पाठ फिरवून लिहिलं. मग आम्ही ते आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले. कोणी साठ लिहिले होते, कोणी बहात्तर, बिट्टीने पंच्याण्णव, रुंजीने एकशे दहा. अगदी मधोमध आला पंच्याऐंशी. रुंजी स्वतः मोजत गेली. त्र्याऐंशी पावलं भरली.

ती परत आली ती हळूहळू. "दोनच पावलांची चूक," ती म्हणाली. "माझी तर सत्तावीसची होती."

"आता कान देऊन ऐक," मी म्हणालो. "प्रत्येकाच्या हातून चूक होते. पण कोणी जास्त सांगतो, कोणी कमी. तिला यादृच्छिक चूक म्हणतात (कधी इकडे, कधी तिकडे होणारी, जिचा नेम नाही अशी चूक). अशा चुका एकत्र ठेवल्या की इकडच्या आणि तिकडच्या बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. मध्ये जे उरतं, त्याला मध्यक म्हणतात (ओळीने लावल्यावर मधोमध येणारी किंमत). तो सहसा खऱ्याच्या जवळ असतो. मात्र अट एकच. प्रत्येकाने आपलं स्वतःचं सांगायचं. एकाचं बघून सगळ्यांनी सांगितलं, तर चुका सगळ्या एकाच बाजूला पडतात. मग खोडणार कोण कोणाला?"

रुंजी मागे वळली. तिने बिट्टीकडे पाहिलं. "तू पहिल्यांदा हात कुठे केला होतास?"

बिट्टीने उजवीकडे दाखवलं.

"मग वळवलास का?"

बिट्टीचे ओठ हलले, शब्द काही निघेना. सुहेलच म्हणाला, "तूच सांगितलं होतंस ना, तू करशील तसं करायचं म्हणून."

रुंजीला ते लागलं. मला तिची दया आली, पण मी मध्ये पडलो नाही. काही मोजमापं ज्याची त्यालाच करू द्यावी लागतात.

अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. बालवीराकडे दोन वस्तू कायम असतात, गळ्यात स्कार्फ आणि हातात काठी. रुंजीनेच हुकूम सोडला, पण या वेळी हुकूम वेगळा होता. "स्कार्फ डोळ्यांना बांधा. आवाज आला की आपली काठी त्या दिशेला जमिनीवर ठेवा. मी काय करते ते कोणाला दिसणार नाही, आणि मलाही तुमचं दिसणार नाही. एक शब्द बोलायचा नाही." मग तिने सगळ्यांत आधी स्वतःच्या डोळ्यांवर स्कार्फ बांधला.

"टिट-टीव."

सात काठ्या जमिनीवर टेकल्या. डोळे सोडून पाहिलं तर विस्कटलेली केरसुणी. मुलं हसायला लागली. सुहेलची काठी तर जवळजवळ पाठीमागे, चुलीकडे. तो ओशाळला. मी म्हटलं, यात लाजण्यासारखं काही नाही. आवाज अगदी समोरून आला की दोन्ही कानांना तो सारखाच आणि एकाच वेळी पोचतो, आणि अगदी पाठीमागून आला तरीही तसाच. म्हणून कान समोरचं आणि मागचं यांत गल्लत करतो. डोकं जरा वळवलं की फरक कळतो.

"मग त्याची काठी काढून टाकू?" कोणीतरी विचारलं.

"मुळीच नाही. आपल्याला नको ती उत्तरं काढायला लागलो, तर शेवटी आपल्याला हवं तेच उत्तर उरेल. आणि मध्यकाचा हाच फायदा आहे. सगळ्यांची सरासरी काढली असती, तर सुहेलने एकट्याने तिला बाजूला ओढलं असतं. मधल्या काठीला मात्र कडेची काठी किती लांब गेलीय, याचं काही सोयरसुतक नसतं."

डावीकडून चौथी आणि उजवीकडूनही चौथी, अशी मधली काठी शोधली. ती तन्वीश गुरव या मुलाची होती. तो सगळ्यांत गरीब स्वभावाचा पोरगा, आयुष्यात कधी पुढे झाला नव्हता. त्याच्या काठीच्या रेषेत, सड्याच्या पलीकडच्या कडेला, एकटं कुंभ्याचं झाड होतं. सकाळी रुंजीचा हात होता त्या झाडाच्या पुष्कळ डावीकडे. काठीच्या टोकाशी दोन वितींचा फरक, पण काठी असते दीड मीटरची. तोच फरक दोनशे मीटरवर पन्नास-साठ मीटर होतो. सकाळची मुलं तेवढ्यानेच चुकली होती.

पण एका रेषेने भागत नाही. टिटवी त्या रेषेवर कुठेही असू शकते. म्हणून मुलं पाखाडीने धावत पाण्याच्या टाकीपाशी गेली आणि अकरा चाळीसच्या हाकेला तिथून पुन्हा काठ्या टाकल्या. या खेपेला मधली काठी एका मुलीची आली आणि तिची रेषा देवळाच्या कळसाकडे गेली. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात, तो छेदनबिंदू (दोन रेषांचा सामाईक बिंदू). टिटवी तिथेच असणार, किंवा आसपास.

आता तिथे जाणार कोण? समितीच्या माणसाने एकाच जणाला परवानगी दिली, तीही सर्वांत हलक्याला. सगळ्यांनी बिट्टीकडे पाहिलं. एक मुलगा रुंजीला म्हणाला, "अगं, पण बिट्टीला हाक मारता यायला हवी. टिटवी झोपेतून फक्त ओळखीच्या आवाजाला उठते." आणि मग त्यानेच जीभ चावली, कारण टिटवीच्या सगळ्यांत ओळखीचा आवाज कोणाचा, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

बिट्टी सकाळच्याच पायवाटेने आत शिरली आणि मग एकेक पाऊल जपून ठेवत पुढे गेली. ओट्यावर रुंजी झेंडा घेऊन उभी, नजर कुंभ्यावर. टाकीपाशी सुहेल झेंडा घेऊन उभा, नजर कळसावर. बिट्टी रेषेच्या डावीकडे गेली की झेंडा उजवीकडे, उजवीकडे गेली की डावीकडे. दोघांचेही झेंडे सरळ वर झाले की ती दोन्ही रेषांवर. पाच मिनिटं ती गवतात इकडून तिकडे सरकत होती. मग दोन्ही झेंडे वर गेले आणि ती थांबली. अकरा पन्नास.

"टिट-टीव." अगदी क्षीण. आणि अर्थातच चहूकडून.

आसपास तीन भेगा होत्या. बिट्टीने पहिलीपाशी वाकून तोंड उघडलं. सड्यावर वारा पडलेला असला की आवाज लांबवर जातो. आम्हाला ओट्यावर ऐकू येत होतं. "टि... टि..." आणि पुढे काही नाही. रुंजीचे ओठ हलले. तिला ते नाव पुरं करायचं होतं, मला दिसत होतं. तिने ओठ दाताखाली धरले. कोणीच बोललं नाही. बिट्टीने पुन्हा सुरुवात केली. "टि... टि... टिट..." मग मोठा श्वास. "टिटवी."

काही नाही. ती दुसऱ्या भेगेपाशी गेली. पुन्हा तेवढाच वेळ, तेवढेच कष्ट. आणि मग जमिनीखालून, घसा बसल्यासारखा आवाज आला.

"ऐकतेय. सावकाश."

बिट्टीने खांद्यापर्यंत हात घातला आणि टिटवीला वर काढलं. बारा वाजायला सहा मिनिटं होती. तिने तिला उन्हात धरलं, पाठीवरची सौरपट्टी सूर्याकडे करून, आणि तशीच उभी राहिली. ती रडत होती. खरं सांगायचं तर ओट्यावरही दोन-तीन जण रडत होते. त्यातला एक म्हातारा होता.

नंतर रुंजीने मला विचारलं, "आबा, म्हणजे बिट्टीचंच बरोबर होतं ना सकाळी?"

"नाही," मी म्हणालो. मी मोजून ठेवलं होतं. "तिचा हातही चुकलेलाच होता. तू डावीकडे जितकी चुकलीस, त्याहून थोडी कमी ती उजवीकडे चुकली. पण तिची चूक आपल्याला हवी होती. ती तिने तुझ्याकडे बघून दुरुस्त केली, म्हणून तर सगळं फसलं."

रुंजी खिचडी चिवडत बसली. मग म्हणाली, "एकजूट म्हणजे एकच बोलणं असं मला वाटायचं."

"आग लागली, पाणी वाढलं, तर तसंच हवं. तेव्हा नायकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी धावायचं. पण एखादी गोष्ट शोधायची असेल, मोजायची असेल, तर आधी प्रत्येकाने आपापलं सांगायचं आणि मग एकत्र यायचं. क्रम तेवढा सांभाळ."

संध्याकाळी सभा भरली. मांडवकर सरांनी बातमी दिली की पुढच्या वर्षी निवडक तुकड्यांचं शिबिर चंद्रावरच्या तळावर होणार आहे. तिथे होकायंत्र कामाचं नाही, कारण चंद्राला पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र नाही. बाहेर हवा नाही, म्हणून आवाजही नाही. सगळे अंदाज डोळ्यांनी करायचे. मग त्यांनी प्रश्न टाकला, "तिथे न्यायला एकच सामान निवडायचं असेल, तर काय निवडाल? पाच अंक मोजतो."

सर मोजायला लागले. रुंजी गप्प. बाकीचेही गप्प. पाच झाले, दुसऱ्या तुकडीने "दोर" म्हणून चांदणी नेली. रुंजी उठून उभी राहिली. "सर, आमचं अजून चाललंय. आमच्यात आता सर्वांत लहान आधी बोलतं. नायक शेवटी."

सगळं पथक बिट्टीकडे बघायला लागलं. टिटवी तिच्या मांडीवर होती, पण तिची वीज अजून भरत होती आणि ती झोपलेली होती. बिट्टीने तोंड उघडलं. "का... का..." शेजारच्या तुकडीतला एक मुलगा शब्द पुरा करायला निघाला, तर रुंजीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला. मग ती बिट्टीसमोर गुडघ्यांवर बसली.

"ऐकतेय," रुंजी म्हणाली. "सावकाश."

"का... काठ्या," बिट्टी म्हणाली. "सा... सा... सातही."

या उत्तराला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही.